लेकींची बाजू

मन्मथचा गुडघा पहिल्यांदा आला तेव्हा
बाप म्हणाला, पडला असंल.
पोरगं पडलं नव्हतं.
दुधाचा दात पडला तर तीन दिवस उशी लाल,
एवढं सांगून तो फरशीकडं बघत बसला.

उदगीरच्या दवाखान्यात, जिन्याखालच्या खोलीत
रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मी मोजायचे.
नळीकडं बघ, पोराकडं नको,
सोनकांबळे मॅडम सांगायच्या.
मी पोराकडं बघायचे
आणि नळी पुन्हा लावायला लागायची.

मग वंशावळ काढायला घेतली.
पुरुष चौकोन, बाई गोल,
ज्याचं रक्त थांबत नाही तो चौकोन काळा.
लग्नाची आडवी रेघ, नात्यातलं लग्न असेल तर दुहेरी.
आमच्याकडं दुहेरी रेघांना काय तोटा!

मन्मथच्या आजोळचा हेळवी दिवाळीनंतर आला,
बैल नाही, मोटारसायकल,
वह्या युरियाच्या पोत्यात.
सिद्रामनं अकरा पिढ्या एका दमात वाचल्या:
बसप्पाचा मल्लप्पा, मल्लप्पाचा शरणप्पा,
कुणी विहीर पाडली, कुणी भावाला बांध दिला नाही.
आणि लेकी? मॅडमनी विचारलं.
त्यानं चष्मा काढला. पुसला. परत घातला.
लेकी वहीत नसतात, बाई. लेकी जातात.

आणि आम्ही शोधत होतो ते
नेमकं जाणाऱ्यांबरोबरच जात होतं.

चार महिने तो कागद टेबलावर तसाच.
हसीनाबी मणेर आली ती स्वतःची साखर तपासायला.
रिपोर्टला वेळ होता. कागद बघून म्हणाली,
एवढ्या बांगड्या कशाला काढल्यास गं?
बाया आहेत, मी म्हटलं, नावं सापडत नाहीत.
कुणाच्या?
हुडग्यांच्या.
ती बाकावर पाय वर घेऊन बसली.

निंगव्वा औरादला दिली. दोन-चारचा हात,
चुडा भरताना हू की चू नाही.
पारू देवणीला, हाड मोठं, दोन-आठ बी अडायची.
तिचं एक पोरगं कान टोचला त्यात गेलं,
दुसरं बाभळीच्या काट्यानं.
लोक म्हणले करणी. मी म्हटलं करणी नाही,
मावशीच्या पोराचं बी असंच झालतं जळकोटला.
बोलता बोलता ती स्वतःच्या मनगटावर
दुसऱ्या हाताची बोटं फिरवत होती,
एकेक हात आठवत.
तिची साखर दोनशे ऐंशी निघाली.
सांगायचं राहूनच गेलं, दुसऱ्या दिवशी घरी जाऊन सांगितलं.

जिला स्वतःला काही होत नाही
पण जी देऊ शकते,
तिच्या गोलाच्या मधोमध ठिपका द्यायचा असतो.
त्या आठवड्यात आम्ही गावोगाव फिरून
सतरा जणींचं रक्त आणलं. नऊ ठिपके दिले.

निबंध छापून आला.
सात नावं, माझं पाचवं, आडनाव चुकलेलं.
आभारात मी हसीनाबी लिहिलं होतं,
छापलं होतं: स्थानिक माहितगार.
मी पेनानं दुरुस्त करून तिला एक प्रत दिली.
तिनं त्यात लाखेच्या बांगड्या गुंडाळल्या.

पुढच्या दिवाळीला सिद्राम हळूच म्हणाला,
तेवढी लेकींची नावं द्या की.
वही उलटी करून
मागच्या पानापासून लिहायला लागला.
म्हणजे, म्हणाला, बापजाद्यांना कळायचं नाही.

काल गंगासागर आली, मन्मथची बहीण,
एकटीच, कॉलेजची बॅग पाठीवर.
माझ्यात ठिपका आहे का?
अठरा पूर्ण झाल्यावर ये, मी म्हटलं, नियम आहे.
बरं, म्हणाली. गेली नाही.
कागदावर वाकून बोट फिरवत
तिनं स्वतःला शोधलं, अगदी कडेला,
जागा संपत आली होती तिथं.
केवढा लहान काढलाय मला.

मी खोडरबर घेतला.
मोठा काढला.
आत काहीच नाही, अजून.
नुसता मोठा.